चित्र छान आहे, पण त्यातून कळलं काय?

शिक्षकांच्या, कृषी सहायकांच्या, आशाताईंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या चित्रांचा नुसता पाऊस पडतोय. २०२५-२६ पासून पहिलीला नवा अभ्यासक्रम आला, तशा कार्यपत्रिका आणि तक्ते फिरू लागले. त्यात एआयची भर पडली. मोबाइलवर दोन ओळी लिहिल्या की मिनिटभरात चकचकीत चित्र हजर. जिल्हा परिषद शाळेच्या भिंतीपासून कृषी सेवा केंद्राच्या फ्लेक्सपर्यंत मराठवाड्यात आज चित्रांची टंचाई कुठेच नाही.

तरीही फ्लेक्ससमोर पाच मिनिटं उभं राहिलेल्या शेतकऱ्याला घरी जाऊन नेमकं काय करायचं ते सांगता येत नाही. तक्ता वर्षभर डोळ्यांसमोर टांगलेला असतो आणि लेकरं दरवेळी त्याच जागी अडखळतात. याचं खापर वाचणाऱ्यावरच फुटतं: 'लक्षच देत नाहीत.' मला हे पटत नाही. बऱ्याचदा दोष चित्राचा असतो, आणि तो चित्र काढायला घेण्याच्या आधीच होऊन गेलेला असतो. शिकवण्यासाठी चित्र कसं योजावं यावर गेल्या काही दशकांत भरपूर संशोधन झालं आहे. ते वापरायला चित्रकार असावं लागत नाही आणि महागडं सॉफ्टवेअरही लागत नाही.

या लेखात चित्र म्हणताना फोटो, रेखाचित्र, नकाशा, आलेख, बाण, चौकटी असं सगळंच धरलं आहे.

डोक्यात एका वेळी मावतं किती?

उन्हाळ्यात गावात टँकर आला आणि त्याचा जाड पाइप थेट घागरीच्या तोंडाला लावला, तर आत जातं थोडं आणि सांडतं जास्त. घागरीच्या पोटात जागा असते, तोंड मात्र अरुंद. माणसाच्या मनाचंही असंच आहे. शिकलेलं साठवायला जागा अफाट, पण नवी माहिती आत जाते ती अरुंद तोंडातून. या तोंडाला मानसशास्त्रात 'कार्यस्मृती' म्हणतात, म्हणजे या क्षणी मनात धरून ठेवता येईल तेवढी माहिती. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली ही मर्यादा सात गोष्टींच्या आसपास सांगितली. नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये ती चारच्या आसपास आणली.

जॉन स्वेलर यांनी १९८८ पासून याच मर्यादेवर आपली मांडणी उभी केली. शिकणाऱ्यावर दोन प्रकारचा भार पडतो, असं ते सांगतात. एक विषयाचा स्वतःचा भार. अपूर्णांक अवघड आहेत, त्याला इलाज नाही. दुसरा भार मांडणीने उगाच लादलेला असतो: चित्र एका पानावर आणि त्याचं स्पष्टीकरण पाठच्या पानावर, सात रंग, चार प्रकारची अक्षरं, कोपऱ्यात फुलं-फुलपाखरं. हा दुसरा भार आपणच टाकलेला असतो, म्हणून तो आपल्याला काढताही येतो.

यातच ॲलन पायव्हिओ यांचं १९७१ सालचं म्हणणं जोडून घ्या. शब्द आणि चित्र मनात दोन वेगळ्या वाटांनी जातात. दोन्ही वाटांनी आलेली गोष्ट जास्त टिकते, कारण ती दोन ठिकाणी बांधली जाते. म्हणून चित्राची जोड द्यायची, पण शब्द आणि चित्र एकाच कामाला लागलेले हवेत.

आधी वाक्य लिहा, मग पेन्सिल उचला

नियोजनाची सगळी गुरुकिल्ली मला एका वाक्यात दिसते: 'हे चित्र पाहिल्यावर पाहणाऱ्याला काय करता यायला हवं?' हे वाक्य कागदावर लिहिल्याशिवाय चित्राला हात घालू नये. 'सोयाबीनची माहिती देणे' असं लिहिलं तर ते वाक्य झालं नाही. 'घरच्या सोयाबीनची उगवणक्षमता शेतकऱ्याने स्वतः तपासावी आणि त्यावरून ते पेरायचं की नाही हे ठरवावं' असं लिहिलं, की चित्र आपोआप आकार घेऊ लागतं.

हेच उदाहरण जरा जवळून बघू. लातूर, धाराशिव, बीड, नांदेड, हिंगोली, परभणीकडे मे-जूनमध्ये ही चाचणी कृषी विभाग दरवर्षी सांगतो. गोणपाटाचा तुकडा ओला करायचा, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, वर दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची, ओल टिकवायची. सहा-सात दिवसांनी उघडून उगवलेले दाणे मोजायचे. शंभरात सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं चांगलं, शिफारस केलेल्या प्रमाणात पेरा.

आता याचा फ्लेक्स करायचा म्हटलं की बहुतेक ठिकाणी काय होतं? डाव्या कोपऱ्यात हिरवंगार शेत, उजवीकडे फेटा बांधलेला हसरा शेतकरी, वर मान्यवरांचे फोटो, आणि मध्ये बारीक अक्षरात सगळी कृती. यात एकही चित्र कामाला लागलेलं नाही. शेत कसं दिसतं हे शेतकऱ्याला फ्लेक्सवरून शिकायचं नाहीये.

त्याला अडतं कुठे? 'दहा ओळी मांडा' हे शब्दांनीही कळतं. गुंडाळी कशी करायची, हे चित्राने पटकन कळतं. खरी अडचण शेवटच्या पायरीला येते. गुंडाळी उघडल्यावर काही दाण्यांना लांब सरळ मूळ आलेलं असतं, काही नुसते फुगलेले असतात, काहींचं मूळ आखूड आणि तपकिरी पडलेलं, काही बुरशीने माखलेले. यातला 'उगवलेला' कोणता धरायचा? इथे शब्द थिटे पडतात. म्हणजे फ्लेक्सवरची सगळ्यात मोठी जागा मिळायला हवी ती या चार दाण्यांच्या फोटोंना, प्रत्येकाखाली 'मोजा' किंवा 'मोजू नका' असं ठळक लिहून. मला वाटतं, शिकवण्याच्या साहित्यातली निम्मी चित्रं जिथे शब्दांनी काम भागतं तिथे खर्ची पडतात, आणि जिथे शब्द थिटे पडतात ती जागा कोरी राहते.

फोटो बरा की रेखाचित्र?

ओळखायला शिकवायचं असेल तर फोटो, रचना किंवा क्रिया समजावायची असेल तर रेखाचित्र. पण एकाच विषयात दोन्हींची गरज पडू शकते, आणि कपाशीवरची गुलाबी बोंडअळी हे त्याचं चांगलं उदाहरण आहे.

बोंडअळी लागलेलं फूल पूर्ण उमलत नाही, अळी आपल्या धाग्यांनी पाकळ्या एकमेकींना चिकटवते. अशा न उमललेल्या फुलाला आपल्याकडे डोमकळी म्हणतात. डोमकळी ओळखायला हवी, तर तिचा खरा फोटो लागतो आणि शेजारी निरोगी फुलाचा फोटो लागतो. एकट्या डोमकळीच्या फोटोने ओळख पक्की होत नाही. फरक दिसला तरच ओळख पटते.

बोंडाचं मात्र उलटं. लहान अळी आत शिरते आणि तिने पाडलेलं बारीक छिद्र नंतर बुजून जातं, त्यामुळे बोंड बाहेरून धडधाकट दिसतं. त्याचा बाहेरून कितीही चांगला फोटो काढला तरी काय कळणार? इथे बोंड मधोमध कापल्याचं रेखाचित्र हवं: अळी कुठे बसली आहे, सरकी कुठे खाल्ली गेली आहे, रुई कुठे खराब झाली आहे. आणि फवारणीचा निर्णय कधी घ्यायचा, हे तर ना फोटोने कळतं ना रेखाचित्राने. 'कामगंध सापळ्यात (म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात) सलग तीन दिवस रोज आठ पतंग' हा निकष आहे. तो आकडा मोठ्या अक्षरात लिहिला की झालं.

आकाराचाही घोळ असतो. पूर्ण वाढलेली बोंडअळी जेमतेम सेंटिमीटरभर किंवा किंचित जास्त लांब असते. पण फ्लेक्सवर ती मनगटाएवढी छापलेली दिसते. मोठी दाखवायला हरकत नाही, बारकावे तरच दिसतात. फक्त शेजारी तिचा खरा आकार दाखवावा, नाहीतर शेतकरी त्या आकाराची अळी शोधत बसेल. अळी बोटाच्या पेरावर ठेवून काढलेला एक फोटो पुरतो.

नावं जागेवरच लिहा

फुलाची आकृती, तिला क, ख, ग, घ असे बाण, आणि खाली यादी: क म्हणजे पुंकेसर, ख म्हणजे कुक्षी. परीक्षेत हे ठीक आहे. शिकवताना मात्र मुलाची नजर वर-खाली धावत राहते आणि 'क' मनात धरून यादीपर्यंत जाईतो आकृतीतली जागा सुटते. रिचर्ड मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक प्रयोग करून दाखवलं आहे की शब्द चित्रातल्या संबंधित भागाला लागून लिहिले तर समज वाढते. फुकट होणारी सुधारणा आहे ही.

हिरवा म्हणजे निर्धोक?

रंगाबद्दल आपण फार भोळे असतो. कीटकनाशकाच्या डब्यावर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे अति विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे त्या मानाने कमी विषारी. हिरव्या चौकोनातलं औषधही विषच असतं. पण सिग्नलचा हिरवा 'जा' म्हणतो, पाकिटावरचा हिरवा ठिपका 'शाकाहारी' म्हणतो. तेच डोळे जेव्हा डब्यावरचा हिरवा पाहतात तेव्हा 'याला हातमोजे कशाला' असा अर्थ कुणी लावला तर त्याला दोष कसा द्यायचा? निळ्याची गोष्ट तर आणखी अवघड, कारण रोजच्या जगण्यात निळ्या रंगाला धोक्याचा अर्थच नाही.

म्हणून रंगाचा अर्थ पाहणाऱ्याला आपसूक कळेल असं गृहीत धरू नये. फवारणीचं प्रशिक्षण असेल तर चारही चौकोन एकाखाली एक, विषाच्या उतरत्या क्रमाने दाखवावेत, आणि चारही चौकोनांपुढे हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट यांची तीच चित्रं पुन्हा द्यावीत. ही पुनरुक्तीच त्यातला मुद्दा सांगते.

दुसरी गोष्ट झेरॉक्सची. तालुक्याला रंगीत छापलेली कार्यपत्रिका वस्तीवरच्या शाळेत पोचते ती काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सच्या रूपात. 'लाल चेंडूंना गोल करा' या प्रश्नात लाल आणि हिरवा चेंडू दोन्ही सारखेच करडे. काही जणांना, विशेषतः पुरुषांना, लाल-हिरव्यातला फरक जन्मतःच नीट कळत नाही, तेही इथेच अडकतात. उपाय साधा आहे. जे रंगाने सांगितलं ते आकाराने, रेघांच्या नक्षीने किंवा शब्दाने पुन्हा सांगा, आणि कार्यपत्रिका पक्की करण्याआधी तिची स्वतः एक झेरॉक्स काढून बघा.

चित्रं वाचायची कुठून कुठे?

जुलाब झाल्यावर द्यायच्या जलसंजीवनीच्या (ओआरएस) पुड्याचं उदाहरण घ्या. चार चित्रं ओळीत: हात धुणं, एक लिटर पाणी मोजून घेणं, पुडा पूर्ण रिकामा करून ढवळणं, बाळाला घोट-घोट पाजणं. मराठी वाचणारा डावीकडून सुरू करेल. पण मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, आणि आजही संभाजीनगर, परभणी, नांदेड, बीडमध्ये उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. उर्दू वाचणारी आई नजर उजवीकडून टाकेल. ज्यांना वाचता येत नाही त्यांची नजर तर सगळ्यात ठसठशीत चित्राकडे आधी जाते, मग ते तिसरं असो की चौथं.

तेव्हा प्रत्येक चित्रावर मोठा आकडा आणि मध्ये बाण हवाच. त्याहून सोपं म्हणजे चित्रं वरून खाली लावणं, कारण मराठी काय, उर्दू काय, दोन्ही वरून खालीच जातात.

जायकवाडी शून्य टक्के म्हणजे कोरडं का?

आकड्यांच्या चित्रांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण दर पावसाळ्यात आपण सगळे एकच आकडा बघत असतो: नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, किती टक्के पाणी. बातमीसोबत अर्धी भरलेली बादली किंवा धरणाचं चित्र असतं. एखाद्या उन्हाळ्यात 'साठा शून्यावर' अशी बातमी येते आणि फोटोत पाणी तर लांबवर पसरलेलं दिसतं. लेकरांनी वर्गात विचारलं, 'सर, मग ते पाणी कशाचं?' तर उत्तर देणं भाग आहे.

प्रकल्पाच्या आराखड्यानुसार जायकवाडीची एकूण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर आहे. त्यातलं तळाचं ७३८ दशलक्ष घनमीटर पाणी दरवाजांच्या आणि कालव्यांच्या पातळीखाली राहतं. त्याला मृतसाठा म्हणतात. ते घ्यायचं तर वेगळे पंप लावावे लागतात. वरचं २,१७१ दशलक्ष घनमीटर म्हणजे उपयुक्त साठा, आणि बातमीतले टक्के बहुधा या वरच्या भागाचे असतात. शून्य टक्के म्हणजे वरचा भाग संपला. खाली एकूण क्षमतेच्या पाव भाग पाणी अजून असू शकतं.

हे चार वाक्यांत सांगितलं तरी मनात घट्ट बसत नाही. आता एक उभा आयत काढा. त्याचा खालचा पाव भाग आडव्या रेघांनी भरा आणि त्यातच लिहा: मृतसाठा, ७३८. त्याच्या वरच्या कडेला बाहेर जाणारा कालवा दाखवा. उरलेल्या भागाच्या बाजूला, कालव्यापासून वरपर्यंत, शून्य ते शंभरची मोजपट्टी आखा. शून्य तळाशी नाही, कालव्यापाशी आहे, हे डोळ्यांनी दिसलं की सातवीतलं पोरगंही दुसऱ्याला समजावून सांगतं. पाच रेघांचं चित्र आहे, आणि त्यात बादली, लाटा, मासे यांचं काहीच काम नाही.

हीच काळजी स्तंभालेखातही घ्यावी. उभी मोजपट्टी शून्यापासून सुरू केली नाही तर ८८ आणि ९१ टक्के निकालांचे स्तंभ असे दिसतात की जणू शाळेने दुप्पट प्रगती केली.

'पण सजावट नसेल तर लेकरं बघतच नाहीत'

हा आक्षेप मी सगळ्यात जास्त ऐकतो, आणि त्यात तथ्य आहे. चित्राने डोळा खेचला पाहिजे. पण डोळा खेचला गेला कुठे, हा प्रश्न आहे. विषयाशी संबंध नसलेली मजेदार चित्रं आणि किस्से घातले की मुलांना ते लक्षात राहतात आणि मूळ मुद्दा मात्र कमी समजतो, असं मेयर यांच्या प्रयोगांत वारंवार दिसलं. वजाबाकीच्या पानाच्या कोपऱ्यातला नाचणारा ससा मुलाचं लक्ष वजाबाकीवर आणत नाही, स्वतःकडे ओढतो. सशालाच कामाला लावा ना. बारा गाजरांतली पाच त्याने खाल्ली, ती खोडलेली दाखवा. सजावटही राहिली आणि वजाबाकीही झाली.

'काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, मग सगळ्यांना चित्र कशाला?'

प्रशिक्षणांत हे इतक्यांदा सांगितलं गेलंय की ते खरंच वाटतं. मुलांना आवडीनिवडी असतात हे खरं. पण 'बघून शिकणाऱ्या'ला चित्र आणि 'ऐकून शिकणाऱ्या'ला आवाज दिला की शिकणं सुधारतं, याला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली सगळं संशोधन तपासून काढला. चित्र द्यायचं की नाही हे विषय ठरवतो. मराठवाड्याचा नकाशा कुणालाही ऐकून शिकता येणार नाही, आणि कवितेची चाल कुणालाही बघून. दृष्टी नसलेल्या मुलाचा प्रश्न मात्र वेगळा आणि खरा आहे. त्याच्यासाठी चित्रात काय कुठे आहे ते शब्दांत लिहून ठेवावं, आणि शक्य तिथे दोऱ्याने, दाण्यांनी हाताला लागेल अशी आकृती करावी.

'आम्हाला चित्रं काढता येत नाहीत, आता एआय देतंय की'

एआयने काम हलकं झालंय हे नाकारायचं कारण नाही. पण ते चित्र शिक्षकाने तपासल्याशिवाय मुलांपुढे जाऊ नये. देवनागरी जोडाक्षरं त्यात हमखास बिघडतात, पहिलीतल्या मुलाने तीच बिघडलेली अक्षरं गिरवली तर? कपाशीला भलतीच पानं, किड्याला आठ पाय, ज्वारीच्या जागी मक्याचं कणीस असंही होतं. शिवाय ही चित्रं मोकळी जागा सोडत नाहीत, कोपरा न् कोपरा भरून टाकतात, आणि आपल्याला तर नेमकं रिकामं करायचं असतं.

आणि हात चालत नाही म्हणून कुणी मागे राहायचं कारण नाही. फळ्यावर रेघ-रेघ वाढत जाणारी आकृती ही तयार छापील आकृतीपेक्षा शिकायला अनेकदा सोपी जाते, कारण माहिती तुकड्या-तुकड्याने येते आणि प्रत्येक रेघेबरोबर सर बोलत असतात. माणसाच्या जागी काडी आणि गोल चालतो. जलचक्रातला ढग ओबडधोबड असला तरी बाण बरोबर दिशेला असला की पुरे.

छापण्याआधी एकदा विचारा

'समजलं का?' असं विचारू नका. आपल्याकडे समोरच्याचा मान राखायचा म्हणून माणसं 'हो हो, समजलं' म्हणतात. त्याऐवजी दोन प्रश्न विचारावेत. पहिला, 'यात तुम्हाला काय दिसतंय?' दुसरा, 'आता तुम्ही काय कराल?' सोयाबीनच्या फ्लेक्सचा कच्चा कागद असेल तर समोरच्याच्या हातात गोणपाट आणि मूठभर दाणे द्या आणि करून दाखवायला सांगा. तो करत असताना आपण तोंड उघडायचं नाही, हे सगळ्यात अवघड. तीन-चार जणांना दाखवलं तरी पुरतं. दोघं एकाच जागी अडले की दुरुस्ती तिथेच करायची.

ही माणसं निवडतानाही जरा बघावं. कृषी सहायकाने आपल्या सहकाऱ्याला विचारून उपयोग नाही, त्याला उत्तर आधीच माहीत असतं. जो पेरतो, किंवा घरी ती चाचणी बहुतेक वेळा जिच्या हातून होते, तिला विचारा. दुरुस्त केलेलं चित्र मात्र पुन्हा तिलाच दाखवू नका, कारण पहिल्या खेपेला ती कृती शिकून गेलेली असते. शेजारच्या घरी जा आणि नव्या माणसापुढे ते ठेवा.